उन्हाला आडवी फळी

गोवर उतरला आणि शालनच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं, त्या दिवसापासून तिची आई विजयमाला घरात कुणाशी धड बोलली नाही. बोलायची ती तोडून. नवरा दादासो मोजणी खात्यात कामाला, स्वभावाने मऊ. त्याच्या मऊपणाचीच तिला सगळ्यात जास्त चीड आली होती.

पोर तापली तेव्हा सगळी सासरी होती, इस्लामपूरच्या अलीकडच्या गावात. सासूबाईंनी सांगून टाकलं, गोवर म्हणजे देवीचं येणं, औषधाचा थेंब घरात यायचा नाही. कडुनिंबाच्या डहाळीने वारा घातला, चिकटलेल्या पापण्यांवर कांद्याचा रस पिळला. पोर किंचाळायची. विजयमाला सांगलीला कॉलेजात दोन वर्षं शिकलेली. ती म्हणाली, "अहो, गाडी जुंपायला सांगा. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे नेऊ." दादासोने मान खाली घातली. "आईचं मन मोडायला नको. चार दिवस बघू."

चार दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला.

"गावोगावची रानं साखळीनं मोजत हिंडता," ती त्याला म्हणाली, "आणि घरात पोरीचा डोळा किती उरलाय ते मोजता येईना तुम्हाला?"

पुढे महिन्याभरात त्याची बदली साताऱ्याला झाली, तेव्हा तिने सासूबाईंना वाकून नमस्कार केला, पण 'येते' म्हटलं नाही.

साताऱ्यातल्या डॉक्टरांनी शालनला खिडकीपाशी उभी केली, पापणी उलटून पाहिली आणि सरळ सांगितलं, "उजवा गेला असं धरा. डाव्यालाही जखम आहे, पण भरेल. मुलीला डोळे चोळू देऊ नका. उन्हाची तिरीप लागली की ती चोळणार, चोळलं की जखम चिघळणार."

"म्हणजे खोली अंधारी ठेवू?"

"कोंडू नका. चुलीचा धूर कोंडला तर तो उन्हाहून वाईट. वारा खेळू दे, ऊन येऊ देऊ नका."

"वारा यावा आणि ऊन येऊ नये," ती म्हणाली, "अशी खिडकी कुठं मिळते?"

डॉक्टर हसले. तिला हसू आलं नाही.

जागा मिळाली होती शाहूपुरीच्या कडेला, रंगूबाईच्या घरात पुढची खोली. रंगूबाई विधवा, पन्नाशीची, दणदणीत आवाजाची. एकुलता एक मुलगा जोतीराम पलटणीतून ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेलेला. खोलीला एक अरुंद खिडकी पूर्वेला, आणि घराचं मोठं दार यवतेश्वराच्या डोंगराकडे, पश्चिमेला. सकाळी खिडकीतून ऊन यायचं, तिसऱ्या प्रहरी दारातून थेट पोरीच्या खाटेवर. खाट हलवायला दुसरीकडे जागा नव्हती. मागच्या अंगाला चूल.

विजयमालेने आधी घोंगडं टांगलं. धूर आत कोंडला, शालन खोकून खोकून लाल झाली. मग लुगड्याचा पडदा केला. पडदा दांडीवरून खाली लोंबायचा आणि दांडीच्या वरच्या फटीतून उन्हाचं पातं नेमकं उशीवर पडायचं. तेव्हा तिला आठवलं, कॉलेजात असताना एका प्राध्यापकांच्या बंगल्यात पडद्यांच्या वर लाकडाची आडवी झालर होती. पेल्मेट म्हणायचे त्याला. तिथे ती शोभेला होती. इथे तीच वीतभर रुंद केली, खाली ओढली, तर ऊन वरच्या वर अडेल आणि खालून वारा येईल.

गुंडा सुताराचं दुकान वळणावरच होतं. त्याने ऐकून घेतलं आणि कानावरची पेन्सिल काढली.

"खिडकीला येक आन् दाराला येक. दोन झालरी. फळ्या कुठनं आनू, वैनी? लढाई चालू हाय. लाकूड मिळंल तर देव भेटल्यागत."

"दोन नकोत. सकाळी खिडकीला लावायची तीच दुपारी दाराला."

"आवं, खिडकी दीड हात, दार अडीच हात! दाराची खिडकीत घालायची कशी? मुडपून?"

"काडेपेटी असते ना? आतलं खोकं बाहेर ओढलं की लांब होतं. तसं कर. एका फळीला खाच, दुसरी तीत सरकेल."

गुंडाने तिच्याकडे, मग बाहेर रस्त्याकडे पाहिलं, जणू कुणी ऐकतंय का बघत होता. "कालेजात सुतारकी बी शिकवत्यात व्हय?"

"पोरगी आंधळी व्हायला लागली की सगळं येतं. करतोस का दुसरीकडे जाऊ?"

केलं त्याने. लष्करी मालाच्या मोडक्या खोक्याच्या हलक्या फळ्या कुठून तरी पैदा केल्या, रंधा मारला, खाच पाडली. सुतळीच्या दोन फासांवर झालर टांगायची. खिडकीला भिंतीतल्या खुंट्या होत्या. दाराला तो खिळा ठोकायला मात्र तयार होईना.

"ह्या पट्टीवर गणपती हाय, वैनी. गणेशपट्टीला खिळा कुठलाच सुतार मारायचा न्हाई. हात झडंल माजा."

म्हणून दाराच्या चौकटीच्या बाहेर आलेल्या दोन्ही टोकांना सुतळी बांधून झालर टांगली. ऊन अडलं. शालन पहिल्यांदा दुपारची झोपली. आणि चौकटीवरचा तो कोरीव, शेंदराने माखलेला गणपती फळीमागे गेला.

रंगूबाईने ते पाहिलं आणि अंगणातूनच आवाज चढवला. "आगं बया! देवाच्या तोंडावर फळी मारलीस?"

"संध्याकाळी काढते, काकी."

"संध्याकाळची काढतीस! आन् दिसभर? माजा जोतीराम तिकडं बंदुकीम्होरं हुबा हाय. ह्यो देव दारावर बसून त्येची वाट बघतुया. त्येचंच डोळं तू झाकलंस!"

"माझ्या पोरीचे खरे डोळे आहेत, काकी. लाकडाचे नाहीत."

हे तोंडातून गेलं, आणि गेलं ते गेलं. त्या दिवसापासून रंगूबाई ताकाचा तांब्या देईनाशी झाली. येता-जाता ऐकवायची, "शिकल्याली बाय हाय, हिला देव न्हाई, धरम न्हाई." विजयमाला रोज दुपारी झालर टांगायची, दिवेलागणीला काढायची, आणि काढताना फळी मुद्दाम दाणकन भिंतीला टेकवायची.

पाडव्याच्या दिवशी औषध संपलं. दादासो कुठल्याशा गावच्या हद्दीच्या भांडणात मोजणीला गेलेला; सणाचं असूनही गेला, कारण साहेबाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. शालनला झोप लागलेली. विजयमालेने झालर टांगली आणि रंगूबाईला म्हणाली, "काकी, लक्ष ठेवा जरा. गेले आणि आले."

परत आली तेव्हा लांबूनच दिसलं, दाराला आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण, गणपतीला ताजा शेंदूर, आणि दारातून आत ओतल्यासारखं ऊन. झालर अंगणात बाजेवर आडवी. तिच्यावर ओळीने कुरडया घातलेल्या.

आत शालन उठून बसली होती आणि दोन्ही मुठींनी डोळे चोळत होती. गालावर पाणी, पाण्यात जरासं लाल.

विजयमालेने आधी पोरीचे हात धरले, पदराने डोळे झाकले, तिला चुलीमागच्या कोपऱ्यात नेऊन बसवलं. "हात खाली. हात वर केलास तर बघ!" मग ती अंगणात आली. बाजेवरची फळी तिने एका झटक्यात उलटी केली. ओल्या कुरडया मातीत पडल्या.

"सणासुदीचं अन्न!" रंगूबाई धावली. "आगं, माजलीस काय?"

"माझ्या पोरीच्या डोळ्यांवरची फळी काढून तुम्ही कुरडया वाळवता?"

"तोरान बांदायचं हुतं! पाडव्याला देवाचं त्वांड झाकून ठिऊ? पोरगी झोपल्याली. मला काय ठावं ती उठंल!"

"काय ठाऊक! सासूबाईंना काय ठाऊक, नवऱ्याला काय ठाऊक, तुम्हाला काय ठाऊक! सगळ्यांना देव तेवढा ठाऊक! पोरगी आंधळी झाली तर हा येणार आहे हात धरून शाळेत न्यायला?"

"देवाला बोलू नगंस!" रंगूबाईचा आवाज फाटला. "मला बोल. त्येला बोलू नगंस. तिकडं माजं ल्येकरू हाय."

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. शेवटी रंगूबाई खाली बसून मातीतल्या कुरडया गोळा करू लागली आणि मान वर न करता म्हणाली, "फळीला माजी ना न्हाई. देवाच्या तोंडावर नगं. खाली कुठं तरी बांद."

"खाली कशाला बांधू? हवेला?"

रागाने बोलली खरी, पण बोलता बोलता तिची नजर दारावर गेली. चौकट चांगली चार बोटं जाडीची. दाराच्या फळ्या आतल्या कडेला, आत उघडणाऱ्या. गणपतीच्या खाली, चौकटीच्या दोन उभ्या बाह्यांच्या मधे, जागा रिकामीच होती.

त्याच पावली तिने शालनला पदराखाली घेतलं, फळी काखोटीला मारली आणि डॉक्टरांच्या घरी गेली. सणाचं जेवण सोडून त्यांनी पाहिलं. "वरवर खरचटलंय. नशीब. पण पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकणार नाही." तिथून ती तशीच गुंडाच्या दारात.

"पाडव्याचं दुकान बंद हाय, वैनी."

"उघड."

पोरीचा डोळा पाहिला आणि त्याने उघडलं.

"चौकटीच्या आत बसली पाहिजे," तिने सांगितलं. "बाह्यांच्या मधे. खिळा नाही, सुतळी नाही. आणि ऊन जसं उतरेल तशी मला ती खाली घेता आली पाहिजे."

"मग काय मंत्र म्हनून हुबी करू?"

"दाबून. दोन्ही बाजूंनी चौकटीला दाबून."

"सरकती फळी हाय ती! दाबली की आत घुसंल. तुमचीच काडेपेटी!"

"मग सरकू नये असं काही कर! भोकं पाड दोन्ही फळ्यांना, आरपार मेख घाल."

"भोकानं फळी तडकती."

"तडकली तर दुसरी कर!"

"दुसरी आनू कुठनं, तुमी देताय?" गुंडाही आता तापला. त्याने भोकं पाडायचा सामता उचलला, पुन्हा ठेवला. पोरगी कोपऱ्यात पदराखाली बसली होती, ती म्हणाली, "मामा, भांडू नका." तेव्हा तो पुटपुटत खाली बसला. भोकं पाडली, पण मधोमध एका ओळीत नाही, तिरकी, एक वर एक खाली, म्हणजे फळी एका रेषेत तडकू नये. लांबी मेखेने धरली. तरी घरी आणून बसवली तेव्हा चौकटीत बोटभर ढिली राहिली. तिथे त्याने एका बाजूला लाकडी पाचर ठोकली, कुदळीच्या दांड्याला ठोकतात तशी. पाचर बसली आणि फळी चौकटीत अशी घट्ट उभी राहिली की विजयमाला दोन्ही हातांनी लोंबकळली तरी हलली नाही. मग त्याने टोकांना जुन्या चपलेचं चामडं लावून दिलं. "रंगूबाईची चौकट खरवडली तर ती मला खाईल."

सकाळी मेख काढून फळी आखूड करायची, खिडकीत बसवायची. दुपारी लांब करून दाराला. ऊन उतरेल तशी पाचर सैल करून वीतभर खाली. गणपती वर मोकळा. रंगूबाईने पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून पाहिलं, चौकट बोटाने चाचपली आणि "हं" म्हणून निघून गेली. ताकाचा तांब्या दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर होता. हाक मारली नव्हती.

पुढे विट्याला, मग सांगलीला बदल्या झाल्या, तिथल्या दारांनाही ती झालर बसली. साहेबांच्या बायका पाहायच्या आणि म्हणायच्या, "किती सोयीची! आमच्या दिवाणखान्याला अशी हवी, जरा नक्षी करून." विजयमाला चहाचा कप त्यांच्यापुढे जरा जोरातच ठेवायची.

पण त्याआधीची, साताऱ्यातलीच एक वैशाखाची दुपार. डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, जखम भरली, आता उजेडाची सवय होऊ द्या. दादासोने पेढे आणले. म्हणाला, "देवीची कृपा." विजयमालेने पेढ्यांचा पुडा त्याच्यापुढून उचलला. "कृपा करायची होती तर दोन्ही डोळ्यांवर का नाही केली? तुमच्या आईला विचारून सांगा." आणि तिसऱ्या प्रहरी नेहमीसारखी उठून तिने दाराला झालर ठोकली.

"आई, आता नको ना," शालन म्हणाली. "मला बाहेर बघायचंय."

"गप पड. डॉक्टरला काय जातंय सांगायला."

ती परसात भांड्यांना बसली, तोच पुढे फळी दणकन पडल्याचा आवाज आला. राखेने भरलेल्या हातांनी ती धावली. शालनने पाट ओढून, वर चढून, लाटण्याने पाचर पाडली होती. फळी उंबऱ्यावर आडवी. पोरगी अंगणात, भर उन्हात, तोंड वर करून उभी. रंगूबाई तिच्यामागे, धरू की नको अशी.

"कारटे!" विजयमालेने हात उगारला. "कुणी सांगितलं तुला?"

शालनने डोळे चोळले नाहीत. डावा किलकिला करून ती रस्त्याकडे बघत होती. "आई, त्या गाडीच्या बैलाचं एक शिंग मोडलंय."

गाडी लांब होती, वळणाच्याही पलीकडे. रंगूबाईने हाताचा आडोसा धरून पाहिलं. "व्हय की गं."

उगारलेला हात तसाच राहिला. आणि मग विजयमालेने पोरीचा दंड असा धरला की बोटं रुतली. "पुढं बघ. गाडीवर कोण आहे? बोल! खोटं सांगितलंस तर याद राख. पागोटं आहे का टोपी?"

"पागोटं."

"रंग?"

"आई, दुखतंय."

"रंग सांग!"