जुनं काही हाय का?

नाशिकरोडच्या अभ्यासकेंद्राच्या खिडकीत दर रविवारी एक क्लार्क बसायचे. फॉर्म हातात घेण्याआधी ते प्रत्येकाला भंगारवाल्याच्या सुरात विचारायचे, "जुनं काही हाय का?" म्हणजे अर्धवट सोडलेलं कॉलेज, एखादा डिप्लोमा. मुक्त विद्यापीठात जुन्या शिक्षणाचे श्रेयांक जोडून मिळत, आणि ते लोकांना मिळवून देण्याचं त्यांना व्यसनच होतं.

लग्नाआधी मी बी.कॉम.चं पहिलं वर्ष पास झाले होते. ती मार्कशीट बारा वर्षं स्वयंपाकघरात डब्यांखाली अंथरलेली होती. तेलाचे डाग पडलेला तो कागद मी "डब्यांखाली होता" म्हणत लाजत पुढे केला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, ओठ हलवत एकेक विषय मोजला आणि ताडकन उभे राहिले.

"ताई, तुम्ही डायरेक्ट सेकंड इयरला!" मग रांगेकडे वळून ओरडले, "बघा, डब्याखाली अख्खं वर्ष निघालं!"

रांगेतल्या अंबड एमआयडीसीच्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मी पेढे घेऊनच घरी निघाले, आणि रिक्षावाल्यालाही एक दिला.

मे महिन्यात परीक्षेला गेले, तर शेजारच्या बाकावर हेच क्लार्क! कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात तीन पेनं. पुढ्यात पहिल्या वर्षाचा पेपर.

"अहो, तुम्ही? आणि पहिल्या वर्षाला?"

"माझ्याकडं जुनं काहीच नाय, ताई," ते नव्या नवरदेवासारखे लाजत म्हणाले. "मी सगळं नवं कोरं घेतोय."