क्षमा नाव कसं राहिलं

सत्त्याण्णव साली पुतणीची पाठवणी करायला गडहिंग्लजचा शिवशरण कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या व्याह्यांच्या घरी आला होता. विहीणबाई निर्मलाकाकूंनी तांदळाचं ताट मांडलं. तांदळात नवरदेवानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत. मुलगी तीच, मग नाव का बदलायचं, हे कोणी विचारत नाही. 'शिवांजली' ठरलं होतं. पुतणी क्षमा मान खाली घालून बसली होती.

तिच्या नावाची गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: तिला, तिच्या बापाला आणि शिवशरणला. बावीस वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत जुंपली आणि शिवशरणनं धाकट्या बसलिंगाप्पाचा तोडणीला आलेला ऊस पेटवून दिला. खापर फुटलं विजेच्या तारेवर. याला मात्र अन्न गोड लागेना. भावाच्या लेकीच्या बारशाला तो साखरेचा पुडा घेऊन गेला आणि दारातच त्याला सगळं सांगून मोकळा झाला. बसलिंगाप्पा फार मोठ्या मनाचा माणूस. भावाला हाताला धरून त्यानं पाळण्यापाशी नेलं आणि बायकांना म्हणाला, "क्षमा ठेवा नाव." कारण सांगितलं नाही. लेक जाणती झाल्यावर तेवढं तिला सांगितलं.

ते नाव आता पुसलं जाणार होतं. राखायचं, तर भरल्या घरात अब्रू घालवायची.

नवरदेव महांतेशनं 'शि' काढला तसा शिवशरण उठला. "थांबा पावणं! नाव बदलू नगासा. ह्या भावाचा ऊस म्या जाळलाय. त्यानं मला माफ केलं, म्हणून पोरीचं नाव क्षमा हाय."

"असलं घराणं व्हय हे?" कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

"अण्णा, बस की खाली," बसलिंगाप्पा रडवेला झाला.

निर्मलाकाकूंनी तळहातानं तांदूळ सारखे केले. "महांतेश, क्षमा लिही. एवढ्या मोलाचं नाव घरात चालत आलंय, ते कशाला घालवायचं?"

शिवशरण सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

पुढं तो दहा वर्षं जगला. बातमी त्याच्याआधी गावात पोचली होती. एसटी स्टँडवर माणसं खोचून विचारायची, "भावाचा ऊस जाळणारा तूच काय रं?"

"व्हय, म्याच," तो म्हणायचा, आणि पुतणीकडं जायला कोल्हापूरची गाडी कुठं लागलीय ते त्यांनाच विचारायचा.