गोदामात आलेली आई

आज सुनेनं हळदीचा डबा उघडला आणि त्या वासानं मला सांगलीच्या गोदामात नेलं. तिथं मी हळकुंडं निवडायला जायचे. आम्ही ख्रिस्ती. पण कळलं तर काम जाईल, या भीतीनं मी रोज टिकली लावून जायचे आणि घरी परतताना काढायचे.

एकदा आई गावाहून, मेढ्याहून, थेट गोदामात माझ्यापाशी आली. तिचं मोकळं कपाळ बघून एका बाईनं विचारलं, "मावशी, तुमचं मालक न्हाईत व्हय?"

"हाईत की. आमी येशूची माणसं, कुंकू लावत न्हाई."

सगळ्या माझ्याकडं वळल्या. "तुझी आई का गं ही?"

"न्हाई," मी म्हणाले. "गावाकडची हाय."

आईनं माझ्या टिकलीकडं पाहिलं. मग पिशवीतला डबा माझ्यापुढं ठेवला. "व्हय, मी शेजारीण. हिच्या आईनं भाकरी दिलीया."

माझी आई जन्मात कधी खोटं बोलली नव्हती.

आता ती नाही. दर रविवारी चर्चमध्ये मी माझ्या पापाची क्षमा मागते. पण तिच्या त्या एका खोट्यापाशी आले की प्रार्थना अडते. तिच्यासाठी क्षमा कशी मागू? ते खोटं तिचं नव्हतंच.