बाळंतिणीच्या उशाशी कदेल

साखळी गावाहून फोन आला तेव्हा मी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होते. "मावशी, आई गेल्या…" एवढंच मंगल बोलली आणि पुढे नुसते हुंदके. मंगल म्हणजे कुंदाबाईंची सून. सूप हातात धरून मी तशीच थिजले, आणि मनात पहिलं काय आलं असेल तर, उभी काय राहिलेस, बस… हे बाईंचंच वाक्य. आम्हां नर्सांना हे सांगणारी दुसरी व्यक्ती मला तरी आयुष्यात भेटली नाही.

कुंदाबाई नर्सिंगच्या शाळेत आम्हाला प्रसूतीचा विषय शिकवत. घरी कोंकणी, वर्गात मराठी, आणि राग आला की दोन्ही. मुलींनी पोट तपासायच्या आधी तळवे एकमेकांवर चोळून गरम केले नाहीत, तर सरळ वर्गाबाहेर काढायच्या. पुढे त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. इतक्या कष्टानं शिकवलेल्या पोरी चार बाळंतपणं करून नोकरी का सोडतात, हे त्यांना शोधून काढायचं होतं. रजा टाकून त्या पेडणे-डिचोलीची आरोग्य उपकेंद्रं पालथी घालायच्या. आम्ही आपसात हसायचो, बाईंचं संशोधन सुरू झालं म्हणून.

माझ्या उपकेंद्रात त्या आल्या ते गोवा घटक राज्य झालं त्याच्या आगेमागेचे दिवस होते. कोंकणी की मराठी यावरून गावागावांत डोकी तापलेली, रस्त्यांवर झाडं आडवी, नदीवरची चोपड्याची फेरीबोट कधी चालू तर कधी बंद. पण माझं चित्त त्यात नव्हतं. थोड्याच दिवसांपूर्वी माझ्या हातची एक बाळंतीण गेली होती. आमच्याकडे रीत अशी, की वार पडली, मूल पुसलं, की नर्सला ताबडतोब न्हाणीत धाडायचं. विटाळ ना! पाणी काढून ठेवलेलंच असतं, पदरात नारळ-तांदूळ घालतात आणि वाटेला लावतात. मीही गेले न्हाणीत. ओल्या केसांनी परत येऊन बघते तर बाळंतीण पोर पांढरीफटक, आणि खालची गोधडी… जाऊ दे. वरिष्ठांनी विचारलं, लक्ष कुठं होतं? तिच्या घरच्यांनी तर तोंडच फिरवलं. चतुर्थीला माहेरी जायचं ते परत यायचंच नाही, असं मी भावाला कळवूनही टाकलं होतं.

बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाळंतपण झाल्यार तू खंय बसतंस गो?"

मला कळेचना. "बसणार कुठं बाई? खाटेवर बाळंतीण, जमिनीवर सासू. बसायला कोण सांगतंय?"

त्या काही बोलणार तोच हाक आली. नाईकांची सून अडली होती. माझे पाय उठेनात. बाईंनीच माझी पेटी उचलली आणि चालायला लागल्या.

मूल सुखरूप झालं, वार पुरी आली, इंजेक्शनही दिलं. लगेच सासू दारात. "न्हाणयेत पाणी काढलंय नर्सबाय, आंग धुवन घेवा." मी सवयीनं उठले. बाईंनी माझा खांदा दाबला, तडक बाहेर गेल्या आणि सोप्यावरची कदेल, म्हणजे घरधन्याची हातांची शिसवी खुर्ची, उचलून थेट बाळंतिणीच्या खोलीत घेऊन आल्या.

सासू किंचाळायचीच बाकी राहिली. "ती थंय नाका गो बाय! मालकांची ती! विटाळली…"

"विटाळूं दी," बाई म्हणाल्या. आणि मला, "बस. हात पोटार ठेव. मी सांगेपर्यंत उठूं नाका."

बाहेर पुरुषांचे आवाज चढायला लागले. मी बसले, पण माझं सगळं लक्ष दाराकडे. काही वेळ पोट हाताला घट्ट लागत होतं. मग तळव्याखाली काहीतरी सैल झालं… भिजवलेली कणीक होते ना, तसं. "बाई, मऊ पडता!" रक्ताची धार लागलीच होती. मी चोळायला लागले. "बाई, तुम्ही घ्या. माझ्यानं नाही होत." म्हापशाच्या इस्पितळात न्यायचं म्हटलं तर फेरी बंद, गाडी कुठून आणणार? त्यांनी मूल उचलून आईच्या छातीला लावलं, तिला लघवी करवली, दुसरं इंजेक्शन भरलं, पण पोटाला हात लावला नाही. "मी हात घातलो जाल्यार तू उद्यां कामार येवची ना. चोळ."

किती वेळ गेला देव जाणे. दातओठ खाऊन मी चोळत राहिले. आणि हळूहळू तो गोळा पुन्हा घट्ट झाला. धार थांबली. पोरीनं डोळे उघडून पाणी मागितलं आणि मला रडूच फुटलं. तेव्हा बाई माझ्याजवळ वाकून म्हणाल्या, "ती पोर गेली त्या दिवशी तुका कोणीं बसपाक जागा दिली गो? मग कितें म्हूण आपलो जीव खातंस?"

निघताना नाईकांनी खुर्ची पायरीखाली आणून ठेवली. "ही आता घरात नको. घेवन जावा." आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरून ती उपकेंद्रात आणली. चतुर्थी झाल्यावर मी परत आले. ज्या घरी बाळंतपण असेल तिथे कदेल आधी जाई आणि मागून मी. बाईंनी सगळ्या उपकेंद्रांतल्या नर्सांचं म्हणणं आरोग्य खात्यात मांडलं, तर साहेब हसले म्हणे. सुईणींना खुर्ची द्या, एवढाच निष्कर्ष? बाई फार चिडल्या होत्या त्या दिवशी.

नवी इमारत झाली, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, तेव्हा भंगारात चाललेली कदेल मी बाईंच्या घरी पोचवली. परवा साखळीला गेले तर ती त्यांच्या रिकाम्या खाटेच्या उशाशी होती. मंगल दाराला टेकून उभी. महिनोन्महिने तिनं आजारी सासूचं सगळं केलं होतं. मान खाली घालून म्हणाली, "मावशी, मी पेज आणायला आत गेले, तेवढ्यात त्या… मी फक्त पेज आणायला गेले हो. लोक विचारतात, जवळ कोण होतं म्हणून."

मी तिला हाताला धरून त्या खुर्चीवर बसवलं. ती बसेना, "आईंची आहे" म्हणाली. मी तिचे खांदे दाबले.

"इतके दिवस तुला कोणी बस म्हटलं होतं का गो?"

तिनं नकाराची मान हलवली, आणि मग कितीतरी वेळ मोकळेपणानं रडत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. हुंदके ओसरल्यावर विचारलं, "जेवलंस?" तिला तिथंच बसवून मी पेज गरम करायला आत गेले.