वैशाखातला केशरी

लग्न होऊन मी सोलापूरला आले तेव्हा घरामागच्या जागेत एक कडुनिंब, एक तुळस आणि भरपूर धूळ होती. मला केशरी रंगाचं वेड. वैरागहून, माहेराहून येताना पदराला झेंडूचं बी बांधून आणलं होतं. पहिल्याच दसऱ्याला परस असा फुलला की कचेरीतून आलेले हे दारातच थबकले.

"बाग आहे की गोसाव्याची छाटी?"

मी हट्टाला पेटले. "आता वर्षभर इथं केशरीच दिसेल!"

"वैशाखातसुद्धा?"

"वैशाखातसुद्धा."

बोलून बसले खरी. झेंडू संपला तशी कुंपणावरची संक्रांतवेल फुलली, अबोलीनं फाल्गुनापर्यंत साथ दिली. मग नळाचं पाणी करंगळीएवढं झालं. आंघोळीचं पाणी घालून पाहिलं, तरी अबोलीनं मान टाकलीच. हे रोज संध्याकाळी पाय धुऊन, हात मागे बांधून मामलेदारासारखे परसाची पाहणी करायचे.

"काय, केशरी दिसत नाही कुठं?"

मी भाकरी जरा जोरातच थापायची.

शेजारी तेलुगू विणकरांचं घर होतं. वैशाखातल्या एका दुपारी तिथल्या अक्कांनी कुंपणावरून हाक मारली. "वहिनी, सूत रंगवलंय. आमच्या हितं जागा न्हाय. तुमच्या झाडाला दोरी बांधू का?"

"रंग कोणता?"

"नारिंगी की!"

दोरी मीच बांधली. संध्याकाळी हे आले, तेव्हा कडुनिंबापासून भिंतीपर्यंत ओल्या लडी झुलत होत्या. एक मधमाशी त्यांच्याभोवती फिरून फिरून वैतागली होती.

"हे बागेत धरायचं नाही."

"झाडाला लागलंय की नाही?"

"लागलंय, पण..."

"केशरी आहे की नाही?"

हे हसले आणि खाली बाज टाकून चहा मागवला. पहिला घोट घेतात तोच पांढऱ्या सदऱ्यावर टपकन एक थेंब पडला. मी किती घासला, पण डाग गेला नाही. हे मात्र तोच सदरा कोटाखाली घालून खुशाल कचेरीत जायचे.

सूत वाळलं, अक्का लडी घेऊन गेल्या. परस एकदम भकास वाटायला लागला. दोन दिवस हे नुसते बाजेवर बसून होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच कुंपणाशी गेले.

"अक्का, पुढच्या खेपेला कोणता रंग?"

"हिरवा."

हे जरा हिरमुसले. मग सुकलेल्या वाफ्यांकडे पाहत म्हणाले, "आणा, आणा. आमच्याकडं तोही संपलाय."