पेटीतली बाई सात

नऊ एप्रिल, मंगळवार. ऊन कडक, वारा नाही, आभाळ कोरडं. टँकर दुपारी दोनला आला. त्याच दिवशी पेटी उघडली.

आमच्या दूध संस्थेच्या ऑफिसात ही पत्र्याची पेटी आहे. मागच्या मोठ्या दुष्काळात कॉलेजची माणसं टेपरेकॉर्डर घेऊन गावात राहिली होती. त्यांनी घरोघर मुलाखती घेतल्या आणि टाइप केलेली एक प्रत संस्थेकडे ठेवली. मी सेक्रेटरी, म्हणून किल्ली माझ्याकडे. बरीच वर्षं पेटीचा उपयोग वर वजनकाटा ठेवायला झाला. किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. पेटी उघडली की माणसं येतात आणि माझ्या डायरीचं पान भरतं.

उघडायचं कारण सरळ होतं. सभासदांची सव्वीस जनावरं, आणि टँकर माणसांनाच पुरेना. पंधरा दिवसांत सोय झाली नाही तर सगळी वडवणीच्या बाजारात न्यायची, असं ठरलं. चेअरमन अण्णा म्हणाले, "मागच्या टायमाला लोकांनी पाणी कुठून आणलं ते त्या कागदांत आसंल. सेक्रेटरी, पाण्याचं तेवढं काढा."

ते अवघड गेलं. कागदांत पाण्याशिवाय दुसरं काही नव्हतंच. मग मी पहिल्या पानापासून ओळीनं वाचायला घेतलं.

*

कागदांत नावं नाहीत. कुणाचं बोलणं कुणाच्या अंगाशी येऊ नये म्हणून 'पुरुष चार', 'बाई दोन' असे आकडे टाकलेत. मी 'पुरुष चार' मोठ्यानं वाचला. तिसऱ्या ओळीलाच दूध घालायला आलेले हसले. "ह्यो तर दगडूतात्या."

तात्या तिथंच बसले होते. "मी न्हाई बे. मी कुठं सारखं 'ऐका म्हंजी झालं' म्हणतो? ऐका म्हंजी झालं, त्या साली मी..."

त्या दिवसापासून मोठ्यानं वाचणं बंद. कोण कोण आहे ते मला माहीत होतं, कारण कॉलेजवाल्यांना घरं मीच दाखवली होती. ज्याचं बोलणं, त्याला आधी विचारायचं, असं ठरवलं.

*

दुसऱ्या दिवशी तात्या एकटेच आले. "मी ऊसतोडीला कधी गेलोच न्हाई असं लिवलंय. ते खोडा."

"तुम्हीच सांगितलं होतं."

"तवा पोरीची सोयरीक चालू होती. आता तिला दोन लेकरं हायत. आता खरं लिवा. आठ साल कोयत्यावर गेलतो."

मूळ कागदावर खोडाखोड करता येत नाही, म्हणून तारीख घालून वेगळी चिठ्ठी जोडली. तात्यांनी सही केली आणि विचारलं, "मग आता यातलं कंचं खरं धरतील?"

*

एक बादली पाणी कशाकशाला पुरवलं, हे 'बाई तीन'नं सांगितलं होतं. तिला विचारून शाळेतल्या मॅडमनी त्यातल्या एकेका कामाच्या चिठ्ठ्या केल्या आणि मुलांना ओळीनं लावायला दिल्या. मुलांची ओळ मॅडमना पटली नाही, मॅडमची ओळ आयांना. मॅडमनी अंघोळ पहिली धरली होती.

शेवटी 'बाई तीन'लाच बोलावलं. ती म्हणाली, "डाळ धुतल्यालं पाणी भांड्याला, भांड्याचं म्हशीला. अंघोळ ह्यात हायच न्हाई."

*

'बाई दोन' स्वतःच सुनेला घेऊन आल्या. सुनेला सातवा महिना. सासू घागर उचलू देत नव्हती आणि सुनेला वाटायचं, आपलं काम हिला पसंत नाही. "माझं हिला वाचून दावा," सासू म्हणाली. "मला तोंडानं सांगता येईना."

मी चार पानं वाचली. उसाच्या फडात, घागर उचलताना, पोटातच दगावलेल्या मुलाची ती पानं होती.  सून म्हणाली, "आत्याबाई, तांब्या तरी उचलू का?"

"न्हाई."

*

दहाव्या दिवशी वाचता वाचता 'बाई सात'ची पानं आली. विहिरी आटल्यावर तिनं नाल्याच्या वळणावर, करंजाखाली, हातानं झिरा, म्हणजे पाझराचा लहान खड्डा, उकरला होता. पहाटे दोन घागरी भरायच्या आणि वर माती लोटून द्यायची. कुणाला सांगितलं नव्हतं, सख्ख्या जावेलाही नाही. त्याच उन्हाळ्यात जावेच्या दोन म्हशी पाण्यावाचून मेल्या, हे गावाला ठाऊक होतं.

ही बाई म्हणजे कौसाबाई; मी त्यांच्याकडे गेलो. त्या म्हणाल्या, "ती मानसं गावची न्हवती म्हणून सांगितलं. तुमाला सांगितलं नसतं." मी उठलो तशा म्हणाल्या, "जागा सांगा. नाव सांगू नका."

बैठकीत मी जागा सांगितली. अण्णा म्हणाले, "कोण ही बाई सात? बिननावाच्या बाईच्या भरवशावर खणायचं? मग बाजारच बरा." बाजाराला तीन दिवस होते.

मी परत जाऊन कौसाबाईंना तेवढंच सांगितलं. त्यांनी विचारलं, "जनावरं किती?"

"सव्वीस."

त्या डोक्यावर पदर घेऊन माझ्यासोबत ऑफिसात आल्या. दूध घालायची वेळ होती. सगळे होते, जाऊही होती. "बाई सात मी हाय," कौसाबाई म्हणाल्या.

जाऊ म्हणाली, "तवा कावून न्हाई सांगितलं गं?"

"तवा पाणी एकाच म्हशीपुरतं होतं."

दुसऱ्या दिवशी करंजाखाली खणलं. अकरा हातांवर पाणी लागलं. पाऊस येईपर्यंत वीस जनावरांना पुरलं. सहा बाजारात गेली. त्यात कौसाबाईंच्या दोन्ही म्हशी होत्या, त्यांनी आपणहून काढलेल्या.