एवढा खोडवा निघू द्या

"व्हतंय की. का न व्हावं?" असं म्हणून आप्पा डोक्यावरची टोपी काढायचे, आत फुंकर मारायचे आणि परत घालायचे. समोरच्यानं टँकर मागितलेला असो, म्हातारीची पेन्शन असो की जळालेला विजेचा डीपी असो, उत्तर हेच. टोपी फुंकली की काम आप्पांनी अंगावर घेतलं, असं गाव धरून चालायचं.

दौंड तालुक्यात, राहू गावाच्या अलीकडं आमचं गाव. मी तिथं दूध डेअरी चालवतो, आणि डेअरीवाल्याला गावातली सगळी माणसं फॅटसकट कळतात. आप्पा ग्रामपंचायतीचे सदस्य. निवडून आल्याबरोबर गाडीच्या काचा काळ्या करणारे सदस्य तुमच्याही गावात असतील. आप्पांकडं काळी करायला गाडीच नव्हती. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून ते दौंडला जायचे, चार जणांची कामं करून यायचे आणि स्वतःचं विसरून यायचे.

त्यांची धनगरवस्ती गावापासून हाकेच्या अंतरावर, पण मधे ऊस. वाडवडील मेंढरांमागं फिरत आले आणि तिथं स्थिरावले, तेव्हापासून वस्तीला रस्ता नाही. पावसाळ्यात बायका डोक्यावर कॅन घेऊन बांधाबांधानं यायच्या, तोवर दुधाचा टेम्पो गेलेला असायचा. नासलेलं दूध मी परत करायचो. त्या कॅन डोक्यावर घेऊन आल्या वाटेनं परत जायच्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आप्पांनी निवडणुकीत वस्तीला एकच वचन दिलं होतं, रस्त्याचं.

रस्ता दोनच वावरांतून जाणार होता. वस्तीकडचं आप्पांचं, गावाकडचं तात्यांचं. तात्या म्हणजे गावातले मोठे बागायतदार. आप्पांनी आधी स्वतःचा उभा ऊस तोडला, पट्टा मोकळा केला, मुरूम टाकून रोलर फिरवला. "आपुन आधी दिलं म्हंजी दुसऱ्याकडं मागायला तोंड ऱ्हातंय," म्हणाले. रस्ता तात्यांच्या बांधाला येऊन थांबला.

ग्रामसभेत तात्या उठले. "आप्पा, तुमच्या शब्दाच्या भाईर हाय का मी? एवढा ऊस कारखान्याला जाऊ द्या."

ऊस गेला. आप्पा तात्यांच्या दारात हजर.

"आता एवढा खोडवा निघू द्या की."

ऊस तोडला की त्याच बुडख्यातून पुढचं पीक फुटतं, तो खोडवा. खोडवा निघाला की नवी लागण, लागण निघाली की पुन्हा खोडवा. वावर कधी मोकळं म्हणून राहत नाही. आणि उभं पीक मोड असं आमच्याकडं वैऱ्यालासुद्धा कुणी सांगत नाही. आप्पांच्या तोंडून तर ते कधीच निघालं नसतं. स्वतःचा ऊस तोडताना मात्र त्यांचा हात अडला नव्हता.

मी एकदा वैतागून म्हणालो, "आप्पा, तहसीलदाराकडं अर्ज करा. पोलीस घेऊन रस्ता काढा."

"आन् मग? भांडून काढलेल्या वाटंनं बाया एकट्यादुकट्या कशा यायच्या? तात्या काय न्हाई म्हनत न्हाईत. व्हतंय की." टोपी फुंकली. मला त्यांचा राग यायचा आणि त्याहून जास्त माया वाटायची.

तोवर वस्तीतली पोरं कुरकुंभच्या कंपन्यांत लागली होती. पहाटे चिखलातून गाडी ढकलत फर्स्ट शिफ्टला रोज कोण पोचणार? एकेक घर तिकडं भाड्याच्या खोलीत गेलं. प्रत्येक घर निघताना आप्पा दारात उभे. "एवढं साल थांबा. तात्यांनी शब्द दिलाय." माणसं त्यांच्या पाया पडायची आणि टेम्पोत भांडी भरायची.

शेवटी त्यांचा मुलगाच निघाला. "आप्पा, ठेकेदार उद्यापास्नं येऊ नको म्हन्ला. त्याला काय सांगू, खोडवा उभा हाय म्हनून?"

आप्पांनी टोपी काढली आणि फुंकर न मारताच परत घातली.

पुढच्या तोडणीनंतर एका सकाळी तात्या डेअरीवर आले. आप्पा तिथंच बसलेले. "आप्पा, यंदा खोडवा ठेवत न्हाई. घ्या तुमचा रस्ता," तात्या म्हणाले.

वस्तीवर तेव्हा आप्पा, त्यांची बायको आणि एक म्हैस एवढंच उरलं होतं.

"कुनासाठी, तात्या?" आप्पांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. असायला हवा होता.

तात्यांनी खोडवा ठेवला.

मुलानं दोघांना कुरकुंभला नेलं. आप्पा तिकडंच वारले. बातमी मोबाईलवर आली, आणि गावातून कुणी निघायच्या आत सगळं उरकलं होतं. वस्तीची दारं पावसानं सुजलीत, ती आता उघडतही नाहीत. मुलानं गेल्या साली वावर नांगरलं आणि रस्त्याच्या पट्ट्यासकट ऊस लावला. त्याचं तरी काय चुकलं?

पण रोलरनं दाबलेल्या मुरमात ऊस कसला येतोय? सगळं वावर डोक्याच्या वर गेलंय आणि मधे तेवढाच पट्टा गुडघ्याएवढा, पिवळा पडलेला. तात्यांचा ऊस नुकताच कारखान्याला गेलाय, म्हणून डेअरीच्या ओट्यावरून तो स्वच्छ दिसतो, वस्तीपासून निघून तात्यांच्या बांधापर्यंत.

परवा तात्या दूध घालायला आले, तिकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"तेवढा मुरूम आधी काढायला पायजे हुता पोरानं," तात्या म्हणाले. "आप्पानं चांगलं वावर खराब करून ठिवलं."

मी त्यांचं दूध मापून घेतलं.